बडोद्यात तीन दिवस : छोट्या शहरभेटीच्या आखणीचा विचार

दोन-तीन दिवसांसाठी एखाद्या शहरात जायचे ठरले की बहुतेक घरांत आखणीची एकच पद्धत असते. कुणीतरी ‘बघण्यासारख्या ठिकाणां’ची यादी काढतो, ती दिवसांत वाटून टाकतो, आणि जेवणाचे तिथे गेल्यावर बघू म्हणून सोडून देतो. या पद्धतीने ठिकाणे पाहून होतात, पण शहर कळत नाही. यादीत प्रत्येक ठिकाण सुटे असते. शहरात मात्र ते शेजारच्यामुळे उभे असते. राजवाडा कुणाच्या काळात उभा राहिला, त्याच काळात कोणता चित्रकार बोलावला गेला, त्या राजाचे कारकून कुठल्या आळीत राहत होते, आणि त्या आळीत आज सकाळी नाश्त्याला काय मिळते, ही एकाच गोष्टीची अंगे आहेत. यादी ती तोडते.

म्हणून इतिहास, कला, खाणे आणि वस्ती यांना चार विषय मानून प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देणे मला पटत नाही. आखणीत या चौघांची कामेच वेगळी आहेत. कुठे उतरायचे आणि कुठे चालायचे हे वस्तीवरून ठरते. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम इतिहास देतो. कलेला सलग वेळ लागतो, तो आधीच बाजूला काढावा लागतो. खाण्याला स्वतःचे घड्याळ असते आणि आपल्याला त्या घड्याळाप्रमाणे वागावे लागते. हे प्रत्यक्षात कसे उतरते, ते बडोद्याच्या उदाहरणाने पाहू. मुंबईहून रेल्वेने सुमारे 390 किलोमीटरवर असलेले हे शहर तीन दिवसांत पायाखाली घालता येते, आणि मराठी वाचकाचा त्याच्याशी जुना संबंध आहे. शिवाय भारतीय चित्रकलेची सुमारे शंभर वर्षांची वाटचाल इतक्या थोड्या अंतरात क्रमाने दाखवणारे दुसरे शहर मला माहीत नाही.

शहराची रेघ

आखणीची सुरुवात नकाशापासून करावी आणि नकाशात आधी रेघ शोधावी. नदीकाठी, किनाऱ्यालगत, जुन्या व्यापारी रस्त्यावर, बहुतेक शहरांत अशी एक रेघ असते. बडोद्यात ती पूर्वेकडून पश्चिमेकडे जाते आणि तिच्यावर काळही जवळपास त्याच दिशेने सरकतो.

पूर्वेच्या टोकाला जुना कोट आहे. त्याच्या मधोमध मांडवी, म्हणजे चारही बाजूंनी कमानी असलेली मुघलकाळातली चौकोनी इमारत. तिथून निघणारे चार रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांना जाऊन मिळतात. गुजरातच्या सुलतानांच्या काळात आखलेल्या या चौकटीत पुढे मुघल सुभेदार आले, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गायकवाडांनी शहर घेतले. मांडवीखाली उभे राहून चारही दिशांना एकदा नीट पाहिले, की शहराचा सांगाडा डोक्यात बसतो. हे काम पहिल्याच सकाळी करावे. नंतरच्या दोन दिवसांत चुकायला होत नाही.

लहेरीपुरा दरवाजातून पश्चिमेला बाहेर पडले की एकोणिसावे शतक सुरू होते. समोर 1896 सालचे न्यायमंदिर, त्यापलीकडे सुरसागर तलाव. तलावाच्या काठाला संगीत महाविद्यालयाची इमारत आहे. 1886 साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेची ती परंपरा. पुढे दांडिया बाजार आणि रावपुरा. गायकवाडांबरोबर आलेले सरदार, शिलेदार, कारकून, पुजारी, शिक्षक या भागात स्थिरावले. इथल्या दारांवर आजही मराठी आडनावांच्या पाट्या दिसतात आणि गणपतीच्या दिवसांत हा भाग मराठी मुलखासारखाच गजबजतो. आणखी पश्चिमेला कोठी कचेरी, कीर्तिमंदिर, मग विश्वामित्रीवरचा पूल. या नदीत शहराच्या मधोमध मगरी आहेत, तेव्हा पुलावरून खाली जरूर पाहावे, पण काठावर उतरू नये. पुलापलीकडे काळ्या घोड्याचा चौक, म्हणजे सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा, शेजारी सयाजीबाग, नंतर विद्यापीठ आणि त्याला लागून रेल्वे स्टेशन. स्टेशनापलीकडे अलकापुरीची नवी वस्ती.

मांडवी ते स्टेशन हे अंतर साडेतीन-चार किलोमीटरांचे आहे. सगळी आखणी या रेघेवर बसते. बाजूला जावे लागते ते फक्त दक्षिणेला, लक्ष्मीविलास राजवाड्याकडे. मुक्काम सयाजीगंजात, म्हणजे स्टेशनच्या बाजूला ठेवावा आणि पहिल्या सकाळी रिक्षाने थेट मांडवीला जावे. मग रोज चालणे आपोआप मुक्कामाच्या दिशेने होते. ही बारीक बाब वाटते, पण संध्याकाळी दमलेले पाय परतीच्या दिशेने चालत असतील तर माणूस वाटेतल्या दोन गल्ल्या जास्त पाहतो.

इतिहासाकडून घ्यायचा प्रश्न

इतिहास क्रम देतो असे वर म्हटले. त्यासाठी सगळी राजावळ पाठ करण्याची गरज नाही. एक प्रश्न बरोबर घेऊन जावा, म्हणजे समोरची इमारत बोलू लागते. बडोद्यासाठी माझा प्रश्न असा : एका संस्थानाने शिक्षण आणि कला यांवर इतका खर्च का केला, आणि तो कुणापर्यंत पोचला?

मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी 1875 साली पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तेच सयाजीराव. 1881च्या अखेरीस त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि 1939पर्यंत ते गादीवर होते. मधल्या अल्पवयाच्या काळात कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे होता. हे तंजावरी मराठी घराण्यातले. आधी ते त्रावणकोरचे दिवाण होते, आणि रविवर्मा बडोद्याला येण्यामागे हा दुवा आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण आधी अमरेली भागात आणि 1906 साली संपूर्ण राज्यात लागू झाले. 1890 साली कलाभवन निघाले, जिथे पुढे दादासाहेब फाळके शिकले. 1910 साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले गेले.

प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्यासाठी सयाजीबागेत जावे लागते. या बागेचे जुने नाव कामाठीबाग. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार 1917 साली नोकरीसाठी बडोद्याला आले. शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना तिथून निघावे लागले. मुंबईची गाडी सुटायला अवकाश होता, तो वेळ त्यांनी या बागेत काढला. तिथल्या वडाच्या परिसराला आज संकल्पभूमी म्हणतात. बडोद्याची कोणतीही आखणी या जागेशिवाय अपुरी आहे असे मी ठामपणे म्हणतो. राजाने दिलेली शिष्यवृत्ती आणि शहराने नाकारलेली खोली या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकाच दिवशी पाहिल्या की राजवाड्याच्या कौतुकाला योग्य माप मिळते.

चित्रांचा क्रम

आता या शहराच्या गाभ्याकडे येतो. बडोद्यात चार ठिकाणे अशी आहेत की ती काळाच्या क्रमाने पाहिली तर प्रत्येक पुढचे ठिकाण मागच्याला उत्तर देते. क्रम चुकला तर ती चार सुटी प्रेक्षणीय स्थळे राहतात.

पहिले ठिकाण रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचे हे लाकडी घर आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. बाहेरून ते शेजारच्या घरांत हरवून जाते. विचारत विचारत जावे. आतल्या चित्रांच्या खोलीत शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. मग भिंतीवरचे चौकोन एकेक करून उमटू लागतात. महाभारतातली युद्धे, कृष्णाच्या लीला, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया, मधेच युरोपीय वेशातली माणसे. आकृत्या एका बाजूने काढलेल्या, सावलीचा खेळ नाही, आणि गर्दीतल्या प्रत्येक सैनिकाला स्वतःची पगडी. पोथीतले चित्र भिंतीवर मोठे होऊन आले आहे. घरमालकाने देव, राजकारण आणि परके पाहुणे यांना एकाच भिंतीवर बसवले, यात त्या काळाच्या मराठी कारभाऱ्याचे सगळे जग येते. इथे घाई करू नये. एक भिंत निवडावी, तिच्यासमोर उभे राहावे आणि बाकीच्या भिंतींवरून फक्त नजर फिरवावी.

दुसरे ठिकाण राजवाड्याच्या आवारातले महाराजा फत्तेसिंग संग्रहालय. तांबेकर वाड्यानंतर अवघ्या काही दशकांनी राजा रविवर्म्याकडे बडोदा दरबाराने 1888 साली पौराणिक विषयांवरची चौदा चित्रे मागवली. विश्वामित्र-मेनका, कीचक-सैरंध्री, शंतनू-मत्स्यगंधा हे विषय तेच, तांबेकर वाड्यातल्या भिंतींच्याच जगातले. पण आता तैलरंग, अंगावर पडणारा उजेड, कापडाची चुणी आणि नाटकातल्यासारखे थांबलेले हावभाव. 1894 साली मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यातून रविवर्म्याच्या देवदेवता मराठी घरांच्या भिंतींवर पोचल्या. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी किंवा सरस्वती कुठून आली, याचे मूळ इथे समोरासमोर भेटते. छापील प्रतींत हरवलेला त्वचेचा रंग मूळ चित्रात पाहावा. रविवर्म्याला ‘कॅलेंडरचा चित्रकार’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी तर जरूर पाहावा.

शेजारचा लक्ष्मीविलास राजवाडा 1878 ते 1890 या काळात बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, पूर्णत्वाला नेला रॉबर्ट चिझम यांनी. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुकारही मँटच, त्यामुळे कोल्हापूर पाहिलेल्याला इथल्या कमानी ओळखीच्या वाटतील. राजवाडा भव्य आहे आणि पाहावाच, पण दिवसातला ताजा वेळ त्याला देऊ नये. आधी संग्रहालय, मग राजवाडा.

तिसरे ठिकाण कीर्तिमंदिर. सयाजीरावांनी आपल्या घराण्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या या वास्तूत मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात चित्रे काढली : गंगावतरण, महाभारत युद्ध, मीराबाईचे जीवन आणि टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा. नंदलाल हे अवनींद्रनाथांचे शिष्य आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख. रविवर्म्याने आणलेली पाश्चात्त्य वास्तवाची वाट सोडून अजिंठ्याची, लघुचित्रांची रेषा परत मिळवायची, हा या मंडळींचा ध्यास. म्हणून इथे सावली पुन्हा नाहीशी होते, आणि सगळे काम रेषा करते. तांबेकर वाड्यातला चितारी सावली देत नव्हता, कारण त्याची परंपराच तशी होती. नंदलाल देत नाहीत, कारण त्यांनी तैलचित्र पाहून ते नाकारले आहे. दिसायला सारखी वाटणारी ही दोन कामे एका दिवसाच्या अंतराने पाहिली की हा फरक पुस्तकाशिवाय समजतो. महाभारताची भिंत तर मुद्दाम तांबेकर वाड्यातल्या युद्धांशी ताडून पाहावी. इथे फारशी गर्दी नसते. दुपार उलटल्यावर जावे आणि निदान तासभर बसावे.

चौथे ठिकाण महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा. विद्यापीठ 1949 साली स्थापन झाले, ही शाखा 1950 साली. इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले. शंखो चौधुरी आणि के. जी. सुब्रमण्यन शांतिनिकेतनातून आले. म्हणजे कीर्तिमंदिराच्या भिंती आणि या शाखेचे वर्ग यांच्यात गुरू-शिष्यांचा सरळ धागा आहे. पण इथे नवे काय घडले ते गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांच्या कामात दिसते. खख्खर व्यवसायाने हिशेबनीस. 1962 साली ते बडोद्याला आले आणि त्यांनी घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी, शिंपी अशी दुकानातली माणसे रंगवली. शेख यांचे ‘सिटी फॉर सेल’ हे 1981 ते 1984 या काळातले मोठे चित्र दंगलींनी होरपळलेल्या याच शहराचे आहे. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. देवांकडून राजांकडे, तिथून राष्ट्राकडे आणि शेवटी रस्त्यावरच्या माणसाकडे आलेली ही वाट मांडवीपासून स्टेशनपर्यंतच्या रेघेवर पुरती बसते. खख्खरांची चित्रे पुस्तकात किंवा फोनवर आधी पाहून ठेवावी आणि मग मांडवी, मंगळ बाजार भागातल्या छोट्या दुकानांवरून चालावे.

या शाखेबद्दल एक व्यवहाराची सूचना. हे चालू कॉलेज आहे, तिकीट काढून आत जाण्याची जागा नव्हे. दारावर विचारावे, परवानगी मिळाली तर प्रदर्शनदालन आणि आवारातली शिल्पे पाहावी, वर्ग चालू असेल तिथे डोकावू नये. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या कामाचे वार्षिक प्रदर्शन लागते. ऊन सोसत असेल तर त्या वेळेसारखी वेळ नाही.

सयाजीबागेतले बडोदा संग्रहालय आणि चित्रदालन या क्रमात कुठे बसत नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य. 1894 सालच्या या इमारतीत देवमाशाचा सांगाडा आहे, इजिप्तची ममी आहे, युरोपीय चित्रे आहेत. तिथे जाऊन फक्त अकोटा इथे सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती पाहाव्या आणि बाहेर पडावे, असे माझे मत. मुले बरोबर असतील तर अर्थातच देवमासा आधी.

खाण्याचे घड्याळ

खाण्याबाबत प्रवासी दोन टोकांना जातात. काही जण नावाजलेल्या दुकानासाठी शहर ओलांडतात, काही हॉटेलच्या बुफेवर दिवस काढतात. दोन्हींत वस्तीशी असलेला खाण्याचा संबंध तुटतो. कोणता पदार्थ कोणत्या वेळी कुठे खातात हे लक्षात घेऊन चालण्याची वेळ ठरवली तर खाण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

बडोद्याची खूण म्हणजे सेव उसळ. मिसळ खाणाऱ्याने ती मिसळीच्या मापाने मोजू नये. इथे मटकी नाही, पांढरा वाटाणा आहे. रस्सा पातळ आणि तिखट, वर लसणाची तरी, बारीक शेव, कांदा, लिंबू, सोबत पाव. फरसाणाचा कुरकुरीतपणा टिकवण्याची मिसळीतली धडपड इथे नाही. शेव रश्श्यात मऊ होऊ द्यायची, पाव त्यात बुडवायचा, आणि रस्सा संपला की पुन्हा मागायचा. वाढणारा तो न कुरकुरता ओततो. गुजराती शहरात उसळ या मराठी पदार्थाने असे घर केले, यामागे रावपुरा-दांडिया बाजाराचा शेजार आहे असे मला वाटते. ती पोटभर होते, म्हणून त्यानंतर लगेच जेवायला बसण्याचा बेत ठेवू नये.

दुसरी खूण लीलो चेवडो. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ तळून, हळद, हिरवी मिरची, तीळ आणि साखर घालून केलेला हा चिवडा ओलसर असतो. आपल्या पोह्यांच्या चिवड्यासारखा तो डब्यात महिनोन्महिने टिकत नाही, म्हणून परतीच्या दिवशीच घ्यावा. रावपुऱ्यातले दुलीरामचे पेढे त्याच फेरीत होतात. हिवाळ्यात गेलात तर ऊंधियो दुपारच्या जेवणाला घ्यावा, रात्री नको. तो जड असतो आणि दुपारी कीर्तिमंदिराआधी विश्रांतीला वेळ आहेच.

दिवसांची वाटणी आणि वगळणे

आता दिवस लावता येतात. राजवाडा आणि फत्तेसिंग संग्रहालय सोमवारी बंद असतात. विद्यापीठाची शाखा पाहायची तर कामकाजाचा दिवस हवा. या दोन अटी जोडल्या की गुरुवार ते शनिवार हा मुक्काम सर्वांत सोयीचा ठरतो. शनिवार-रविवारची सवय मोडावी लागते, पण त्याला इलाज नाही.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर मांडवी, दुकाने उघडण्याआधी. तिथून पश्चिमेला चालत लहेरीपुरा, न्यायमंदिर, सुरसागर. उन्ह चढायच्या आत तांबेकर वाडा. दुपारी विश्रांती, संध्याकाळी सेव उसळ आणि दांडिया बाजारात निरुद्देश फिरणे. दुसरा दिवस, शुक्रवार, सकाळी रविवर्मा आणि राजवाड्याचा, दुपारनंतर कीर्तिमंदिराचा. तिसऱ्या दिवशी सयाजीबाग, संकल्पभूमी, संग्रहालय आणि ललित कला शाखा. सगळे स्टेशनच्या जवळ, त्यामुळे सामान मुक्कामावर ठेवून संध्याकाळची गाडी सहज पकडता येते. शनिवारी शाखा चालू आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. नसेल तर ती शुक्रवारी दुपारी घ्यावी आणि कीर्तिमंदिर शनिवारी. क्रम किंचित बिघडतो, पण भेट हुकत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चालण्यासाठी चांगले. नवरात्रात गेलात तर गरब्यासाठी रात्र जाते आणि सकाळची मांडवी हातची सुटते, म्हणून नवरात्राची आखणी वेगळी करावी लागते. गणेशोत्सवात उलट, दांडिया बाजारात जास्त वेळ ठेवावा.

सर्वांत अवघड भाग वगळण्याचा. बडोद्याला जातो म्हटले की चार माणसे केवडियाचा पुतळा आणि पावागड सुचवतात. केवडिया सुमारे नव्वद किलोमीटर, चांपानेर-पावागड पन्नासेक किलोमीटर. दोन्हीपैकी काहीही तीन दिवसांत बसवले की शहराचा एक अख्खा दिवस जातो, आणि नेमका जातो तो तिसरा, म्हणजे संकल्पभूमीचा आणि कला शाखेचा. 1484 साली महमूद बेगड्याने जिंकलेले आणि 2004 साली जागतिक वारशात आलेले चांपानेर इतके मोठे आहे की जामा मशिदीचा फोटो काढून परतणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. चौथा दिवस हाताशी असेल तर तो संपूर्ण चांपानेरला द्यावा, पहाटे निघून, डोंगरावरच्या देवळाची आणि खालच्या उजाड शहराची अशी दोन्ही टोके पायी पाहून. नसेल तर चांपानेरसाठी पुन्हा यावे.